हिरामण मास्तरांचा एको

गोरक्षला कुणी विचारलं, बाबा तुला आयुष्यात काय हवंय, तर तो घर, गाडी, प्रमोशन यातलं काहीएक सांगत नसे. "हिरामण मास्तरांचा टोन," असं म्हणे. त्याची बायको ललिता तर सगळ्यांना सांगायची की ह्या माणसाने आपल्या लग्नाच्या मंगलाष्टकांना दिले नसतील तेवढे कान त्या एका कॅसेटला दिलेत.

हिरामण मास्तर इगतपुरीचे. आठवडाभर रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर आणि शनिवार-रविवार नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार. भद्रकालीतल्या एका मंडळाच्या गणपतीपुढे, लाकडी बाकावर उभं राहून, दहा वर्षांच्या गोरक्षने त्यांना पहिल्यांदा ऐकलं आणि पोरगं तिथेच वाया गेलं. मास्तरांचा सूर सुटला की लगेच मरत नसे. पुढचा सूर आला तरी आधीचा त्याच्या पाठीमागे अंधूक उभा असायचा, त्याच्याही मागे आणखी एक. ऐकताना वाटायचं, हा माणूस एकटा नाही, ह्याच्या मागे हाच तीन-चार वेळा बसलाय. त्या कार्यक्रमाची कुणीतरी केलेली कॅसेट पुढे गोरक्षच्या हाती लागली. आज बेचाळीस वर्षांचा झाला, सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागून वीस वर्षं झाली, पण गडी अजून त्याच बाकावर उभा होता.

टोनच्या पायी त्याने सगळा जिल्हा पालथा घातला. मालेगावच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या अडगळीतून फझ पेडल आणलं, सूर फाटल्यासारखा करणारं. देवळाली कॅम्पातल्या बंद पडलेल्या क्लबातून व्हॉल्वचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना अँप आणला, तो तापला की घरभर करपल्याचा वास सुटायचा आणि ललिता गॅस बघायला धावायची. मनमाडहून वाह पेडल आलं, पायाने दाबलं की सुराला वा-वा करायला लावणारं, त्याच्या रबरावर कुणाच्या तरी बुटाचा खळगा पडलेला. ह्या वस्तूंना सेकंडहँड म्हणायचं, पण खरं तर त्या चौथ्या-पाचव्या हातातून आलेल्या. सगळं जोडून गोरक्ष वाजवायचा, कॅसेट लावायचा, पुन्हा वाजवायचा. नाकडोळे जुळायचे, पण चेहरा मास्तरांचा होत नव्हता. राहिला होता तो एको.

एको म्हणजे सुटकेसएवढं मशीन. आत टेपची पट्टी गोल गोल फिरते. तुम्ही गिटारवर वाजवाल ते टेपवर उतरतं आणि क्षणभराने मागून पुन्हा वाजतं. मग एक पुसणारं हेड असतं, ते टेप साफ करतं म्हणजे नव्या सुराला जागा होते. तसं मशीन आता कुठे मिळत नाही. ऑर्केस्ट्राच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं की मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचा एको त्यांच्या बायकोकडे, मंगलाबाईंकडे, अजून आहे. गणपती उठले आणि गोरक्ष दुसऱ्याच रविवारी इगतपुरीत हजर झाला.

मंगलाबाईंचं घर स्टेशनच्या वरच्या अंगाला, दोन खोल्यांचं. पावसाने भिंती अजून ओल्या होत्या. म्हातारीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इकायचं नाय ते."

"विकत नकोच मावशी. महिनाभर द्या. मला मास्तरांसारखं हुबेहूब वाजवायचंय. बाकी सगळं जमलंय, एवढंच राहिलंय."

तिने त्याचा डावा हात हातात घेतला आणि बोटांच्या टोकांवरचे घट्टे बघितले. "ह्यांच्या बोटांना बी असंच व्हतं," ती म्हणाली. मग पलंगाखालून प्लास्टिकात गुंडाळलेलं मशीन तिने स्वतः ओढून काढलं. "ने. पन दोन गोष्टी. खंडेनवमीला ते माझ्या घरात पायजे, पूजेला. आन् वरनं फडक्यानं पूस, आत हात घालू नको."

"नाही घालत," गोरक्ष म्हणाला. म्हाताऱ्या माणसांना आपण म्हणतो तसं, नुसतं तोंडाने.

का घालू नको, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्टच सांगावी लागली नसती. पण वीस वर्षं मशीन उघडणाऱ्या माणसाला एक बाई, तीही इगतपुरीची म्हातारी, मशीनबद्दल काय सांगणार? त्याला वाटलं, शॉक बसेल म्हणून भीत असेल बिचारी.

घरी आल्या आल्या त्याने ते उघडलं. त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. जुनं मशीन सरळ प्लगला लावायचं नाही, आत काय जळेल सांगता येत नाही, हे कारखान्यातलं पहिलं शिक्षण. शिवाय खंडेनवमी जवळ आलेली. लेथ असो नाहीतर प्रेस, कारखान्यात आठ दिवस आधीपासून घासूनपुसून लख्ख करतात, मगच हळदकुंकू. मळक्या मशीनची पूजा म्हणजे गोरक्षला आंघोळ न करता देवापुढे बसल्यासारखं वाटे. तेव्हा म्हातारीवर आपण उपकारच करतोय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

आत बुरशी होती. टेप इतकी जुनी की तिचा तपकिरी रंग बोटांना लागत होता. पुसणाऱ्या हेडची वायर तुटलेली, तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. गोरक्षने हेडं स्पिरिटने पुसली, वायर सोल्डर केली, स्पूलवरची नवी टेप कापून तिरका सांधा मारून बसवली, आणि जुनी कचऱ्याच्या बादलीत टाकली.

"हे भेंडोळं कशाचं?" ललिताने विचारलं.

"जुनी टेप. खराब झाली होती."

सकाळी घंटागाडी गाणं वाजवत गल्लीत आली आणि ललिताने रोजच्यासारखी बादली नेऊन दिली.

आता मशीन सुरू झालं, आणि काय सांगायचं, इतका स्वच्छ एको की दवाखान्यात बसल्यासारखं वाटावं. मास्तरांचा मागमूस नाही. आठ दिवस गोरक्षने बटणं पिरगाळली, ललितावर चिडला, जेवताना सुद्धा पाय पेडल दाबल्यासारखा हलायचा. नवव्या दिवशी कारखान्यात एका पॅनेलपुढे उभा असताना त्याला ती वायर आठवली. तुटलेली वायर फाटते, तिचे तंतू पसरतात. ती तर सरळ कापलेली होती. आणि तुटलेल्या वायरला चिकटपट्टी कोण गुंडाळत बसतो?

मास्तरांनी ती मुद्दाम कापली होती. पुसणारं हेडच बंद केलं होतं. म्हणून मागचं पूर्ण पुसलं जात नसे, नव्या सुराखाली जुना दबून राहायचा. संध्याकाळी गोरक्षने स्वतःचा सोल्डर उखडला, गिटार लावली, एक सूर छेडला, मग दुसरा. आणि दुसऱ्याच्या मागे पहिला उभा राहिला.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. कुणीतरी लिहिलं, "मास्तर परत आले." ते वाक्य त्याने किती वेळा वाचलं असेल, त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मात्र कप हातातच राहिला. मशीनच्या मागे एक छोटं बटण होतं, कंपनीचं नव्हे, हाताने बसवलेलं. ते खाली केलं की मशीन नवं काही घेत नसे, टेपवर असेल तेच वाजवत राही. मास्तरांना हे कशाला लागत असेल, असं त्याला वाटलं होतं. आता दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. पुसणारं हेड बंद होतं. म्हणजे शेवटचं जे वाजवलं ते टेपवर राहणार. म्हणजे त्या भेंडोळ्यावर...

असेल काहीतरी खरखर, त्याने स्वतःला सांगितलं. बुरशीत काय टिकणार? आणि म्हातारीला थोडंच माहीत असणार? कुणाला तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून वाजवायला बसला की घंटागाडीचं गाणं कानात यायचं, आणि तो उठून दुसरं काहीतरी काम शोधायचा.

खंडेनवमीला कारखान्यातली पूजा उरकून गोरक्ष आणि ललिता गाडीने इगतपुरीला निघाले. मागच्या सीटवर एको, गिटार, आणि ललिताने घेतलेले पेढे. पूजेचं मशीन म्हणून आदल्या रात्री गोरक्षने आपलं वाजवणं उतरलेली टेपही काढून पुन्हा कोरी घातली होती. मंगलाबाईंनी सगळी तयारी करून ठेवली होती. पाटाभोवती रांगोळी, झेंडूची माळ. शेजारी मास्तरांचे पाने, विळी, कोयता, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. मधली जागा रिकामी होती. गोरक्षने मशीन तिथे ठेवलं.

"लय चकचकीत केलंस रे," ती म्हणाली, आणि गोरक्षने झेंडूची माळ उगाचच सरळ केली.

तिने हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, गुळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. मग मास्तरांच्या जुन्या स्पीकरच्या पेटीची पिन मशीनला जोडली. इतक्या सवयीने जोडली की गोरक्षला पुढचं सगळं तिथेच कळलं. तिने मागचं छोटं बटण चाचपून खाली केलं, मशीन चालू केलं आणि हात जोडून बसली.

स्पीकरमधून सुं आवाज आला. बाकी काही नाही.

"गरम व्हायला येळ लागतो त्याला," ती ललिताला म्हणाली.

टेप फिरत राहिली. म्हातारीने कान पेटीला लावला. मग बटण वर केलं, पुन्हा खाली केलं. "दरसाल लागतं की," ती म्हणाली. "ह्यांचं शेवटचं वाजवणं हाय ह्याच्यात. गेले त्याच दिशी सकाळचं. मी आजच्या दिशी लावते, येकदाच. जास्त लावलं तर झिजंल म्हणून."

नऊ वर्षांत नऊ वेळा. गोरक्षची मान वर होईना. ललिताने त्याच्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या हातांकडे, कारण बादली तिने दिली होती.

"मागल्या साली माझ्याच हातनं बटन वर ऱ्हायलं आसंल," मंगलाबाई म्हणाल्या. "डोळ्याला आता नीट दिसत नाय. मीच पुसलं का काय." त्या गोरक्षकडे वळल्या. "तू जाणता हाईस. आसं व्हतं का रे?"

"होऊ शकतं, मावशी," गोरक्ष म्हणाला.

झालं. तीन शब्द. एखाद्याला चोरी करायला रात्रीचा अंधार लागतो, ह्याने भर दुपारी, पूजेपुढे बसून, एका म्हातारीच्या डोक्यावर आपलं पाप ठेवलं आणि वर मावशी म्हणाला.

मग शांतता त्याला सोसेना, म्हणून त्याने विचारलं, "मी वाजवू का?" त्या हो म्हणाल्या. त्याने गिटार जोडली, बटण वर केलं आणि कॅसेटमधला मास्तरांचा तो तुकडा वाजवला. शहाबादी फरशी, ओल्या भिंती, मास्तरांचीच पेटी. टोन असा लागला, जसा घरी एकदाही लागला नव्हता. अगदी तोच. बत्तीस वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते त्याच्या बोटांखाली उभं होतं, आणि गोरक्षला स्वतःची शिसारी येत होती. हात थांबवले तर काहीतरी बोलावं लागेल, म्हणून तो वाजवत राहिला.

थांबला तेव्हा मंगलाबाई म्हणाल्या, "छान वाजवलंस." मग म्हणाल्या, "बटन खाली कर. ऱ्हाऊ दे तेच त्याच्यात. नायतर रिकामं ऱ्हाईल."

त्याने बटण खाली केलं. त्यांनी चहा दिला, पेढा कपाळाला लावून खाल्ला, ललिताची ओटी भरली. निघताना ललिताला त्यांच्या पाया पडताना रडू आलं, आणि म्हातारीला वाटलं की ही आपल्यासाठी हळहळतेय. त्यांनीच तिची समजूत घातली.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना भात पिवळा पडत आलेला. घोटीचा टोलनाका दिसायला लागला तेव्हा ललिता काचेतून बाहेर बघत म्हणाली, "ती बाई आता मरेपर्यंत स्वतःला बोल लावणार."

गोरक्षने नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंग धरून बसला. खरं सांगायचं तर तो पुढे जायचीच कारणं शोधत होता. म्हातारं माणूस, पुन्हा धक्का कशाला. गेलेलं परत थोडंच येणार. सगळी कारणं चांगली होती, आणि एकही त्याला ललिताच्या तोंडावर म्हणवेना. त्याने गाडी वळवली.

मंगलाबाई पाटासमोरच बसल्या होत्या. मशीन बंद होतं. चष्मा लावून त्या ते छोटं बटण बघत होत्या, बोटाने वर-खाली करत.

"काय इसरलं?" त्यांनी विचारलं.

गोरक्ष दारातच उभा राहिला. "मावशी, तुमच्या हातून काही झालेलं नाही. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी मी आत हात घातला. टेप जुनी दिसली म्हणून काढली आणि नवी घातली."

त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि गोरक्षला वाटलं, ह्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. "म्हंजी जुनी तुझ्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "मग आन की ती."

"टाकली, मावशी."

"कुठं टाकली?"

"कचऱ्यात. घंटागाडीत गेली."

"कवा?"

"तीन आठवडे झाले."

"हां," मंगलाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "मगाशी मी इचारलं, तवा ठाव व्हतं तुला?"

"हो."

"मला वाटलं, मीच घालवलं त्यांना." बस, एवढंच बोलल्या. ललिता जाऊन त्यांच्याजवळ बसली. त्यांनी तिला दूर केलं नाही, जवळही घेतलं नाही.

गोरक्षला आत यावं की जावं कळेना. शेवटी विचारायचा काही हक्क नसताना त्याने विचारलं, "काय वाजवलं होतं मास्तरांनी?"

मंगलाबाईंनी पदर सावरला. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हाताऱ्या, बेसूर आवाजात सुरू केलं. "टुंग. टुंग. टुंग." थांबल्या. "टुंईं..." हा सूर खालून हळूहळू वर चढला, आणि त्यांचा डावा हात हवेत काहीतरी पिरगाळत होता. मग पुन्हा, "टुंग. टुंग."

गोरक्षने तो हात बघितला आणि त्याला समजलं. मास्तर तारा लावत होते. गाणं नव्हतंच. टोन नाही, लीड नाही, नुसती सहा तारांची जुळवाजुळव. आणि ती जागा भरायला त्याने स्टेजवरचा सगळा थाट वाजवून दाखवला होता. म्हातारी तेव्हा "छान वाजवलंस" म्हणाली होती, पाहुण्याला म्हणतात तसं.

"वाजवायचं ऱ्हायलंच," मंगलाबाई म्हणाल्या. "मी हाक मारली, चा गार व्हतोय म्हनून. बटन खाली करून ह्ये उठले. चा पेले आन् ह्या भिंतीला टेकले. तेवढंच." त्यांनी डोळे उघडले. "हाक मारली नसती तर पुढचं बी आलं असतं त्याच्यात. नऊ वर्सं तेच मनात येतं मला. आन् आज आनखी ह्ये."

गोरक्ष दारातून आत आला. त्याला माफी मागायची होती, पण तो शब्द तोंडातून निघेना. मागितली तर म्हातारीला द्यावी लागेल, आणि तिच्याकडून आणखी काही घ्यायची त्याला लाज वाटली.

"तुझं हाय ते पूस आता," मंगलाबाई म्हणाल्या.

"हो."

"आत हात घालावा लागंल ना? घाल."

त्याने मास्तरांच्याच पान्यांमधला स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं हळदकुंकू बोटांना लागलं. झाकण उघडलं. पुसणाऱ्या हेडच्या वायरीची दोन टोकं उघडी करून एकमेकांना पिळली, मशीन चालू केलं आणि बटण वर केलं. पेटीतून त्याचं वाजवणं ऐकू आलं. मागे सूर, त्याच्याही मागे सूर, हुबेहूब मास्तर. टेपचा सांधा हेडावरून गेला तसं ते सुरुवातीपासून नाहीसं होत गेलं. दहा-बारा सेकंद लागले. मग नुसतं सुं.

मंगलाबाई ते ऐकत बसल्या. "आता बरं हाय," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली हेच लावीन. ह्यांचं मला पाठ हाय."

गोरक्षने झाकण बसवलं, स्क्रू आवळले, आणि सवयीने खिशातला रुमाल काढून मशीनवरचे बोटांचे ठसे पुसायला वाकला.

"ऱ्हाऊ दे," मंगलाबाई म्हणाल्या. "मी पुसते."

त्या फडकं घेऊन आल्या आणि वरून, चहूबाजूंनी, सावकाश पुसू लागल्या. गोरक्ष दोन पावलं मागे सरकला. आपले हात कुठे ठेवायचे हे त्याला कळेना, म्हणून ते त्याने पाठीमागे बांधले आणि त्यांचं पुसून होईपर्यंत तसाच उभा राहिला.